तळघराचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह: वस्तू चोख, बसवणी चुकली

डांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराला तळघर आहे. २०२४च्या गोकुळाष्टमीला बडोद्यात कोसळलेला पाऊस कुणी विसरलं नसेल. विश्वामित्री नदी चढली, पण आमच्या गल्लीत घोटाभरच पाणी होतं, ओट्याची दुसरी पायरीही कोरडी. आम्ही निर्धास्त. खाली डोकावले तर नहाणीच्या जाळीतून काळं पाणी बुडबुडत वर येतंय! गणपती दहा-बारा दिवसांवर आणि मखर त्यात तरंगतंय. लोणच्याच्या बरण्या सरळ टाकून दिल्या. धुऊन वापरायला मन कुणाचं होणार?

रस्त्याखालची गटारलाइन तुडुंब भरली की पाणी उलटं फिरतं आणि सगळ्यात खालचं तोंड गाठतं. ते तोंड आमच्या तळघरात, रस्त्यावरच्या चेंबरच्या झाकणापेक्षा पाचेक फूट खाली.

म्हणून हा व्हॉल्व्ह घेतला. पीव्हीसीचा, ११० मिमीच्या पाइपला बसणारा, २,४०० रुपये. आत बिजागरीवर झुलणारी झडप. घरचं पाणी बाहेर जाताना ती उघडते, बाहेरचं उलटं आलं की त्याच्याच दाबानं मिटते. वीज नको, मोटर नको.

प्लंबरनं तो घराच्या मुख्य लाइनवर बसवला. ‘मासी, हवे चिंता नहीं’ (मावशी, आता चिंता नको) म्हणून पैसे घेऊन गेला. पुढच्या पावसाळ्यातल्या पहिल्याच मोठ्या पावसात तळघरात पुन्हा पाणी. पण या खेपेला त्यावर पांढरा फेस, आणि वास साबणाचा! वर जाऊबाईंनी वॉशिंग मशीन लावलं होतं. झडप मिटलेली, घरचं पाणी बाहेर पडेना, ते आमच्याच नहाणीतून वर आलं. व्हॉल्व्हनं आपलं काम केलं होतं, जागा चुकली होती.

दुसऱ्या कारागिराने तो काढून फक्त तळघराच्या फाट्यावर बसवला आणि वरच्या मजल्यांची लाइन त्याच्या पुढे, रस्त्याच्या बाजूला जोडली. गच्चीचा पन्हाळही गटारात सोडलेला निघाला, तो वेगळा केला. फोडाफोडी, लादी, मजुरी धरून व्हॉल्व्हच्या दुपटीहून जास्त खर्च झाला. त्यानंतरच्या पावसात जाळी कोरडी राहिली. रस्त्यावर पाणी असेपर्यंत तळघरातला नळ मात्र मी सोडू देत नाही.

रेटिंगमधला एक तारा कापलाय. झाकणाचे स्क्रू वर्षात गंजले, आणि झाकण तर उघडावंच लागतं, कारण झडपेत केस, चिंध्या अडकल्या की ती पुरती मिटत नाही. मेमध्ये साफ केली तेव्हा आत उदबत्तीची काडी आडवी सापडली. व्हॉल्व्ह लादीखाली गाडून टाकू देऊ नका, हात जाईल एवढा चेंबर मागून घ्या.

जाऊबाई अजून म्हणतात, मी मशीनवर उगाच आळ घेतला.