इलेक्ट्रिक सायकल घेऊन आठ महिने झाले, खरं काय ते सांगतो

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण पुढे थोडी रड आहे. कोथरूड डेपो ते शिवाजीनगर, रोज जाऊन-येऊन साधारण १५ किमी. आधी कार काढायचो आणि कर्वे रोडला सिग्नलवर बसून क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेला होता, शिवाय पार्किंग शोधायला वेगळी वीस मिनिटं!

आता सायकल. २५० वॅटची मोटर, २५ च्या वर स्पीड गेला की मोटर आपोआप बंद, त्यामुळे लायसन नको, पासिंग नको, आरटीओची भानगडच नाही. बॅटरी ३६ व्होल्ट १०.४ अँपिअर-अवरची, म्हणजे फुल चार्जला अर्धा युनिटपण लागत नाही, बिलात फरक शोधून सापडला नाही. बॅटरी काढून वर नेता येते हे बेस्ट, आमच्या सोसायटीत खाली प्लग पॉइंट मागितला तर सेक्रेटरी काका अजून "मीटिंगमध्ये घेऊ" म्हणतायत.

पण एका चार्जला रेंज ६० किमी सांगितली होती, मला ३५ मिळते, माझं वजन ८४ आहे ते धरून. आणि जुलैत ब्रेक लिव्हरच्या स्विचमध्ये (ब्रेक दाबला की मोटर बंद करतो तो) पाणी गेलं, मोटर कट झाली ती झालीच. २३ किलोचं धूड पौड फाट्याचा पूल चढवत नुसतं पॅडल मारत आणलं, घरी येऊन आधी दोन तांबे पाणी प्यायलो. दुकानदाराने पार्ट यायला तीन आठवडे लावले, फोन उचलायचा नाही तो नाहीच. शेवटी नेहमीच्या सायकलवाल्याने स्विच सुकवून वर प्लॅस्टिकची पिशवी बांधून दिली, तीच अजून आहे.