गटातली ओपीडी: नऊ महिने जाऊन आलेला अनुभव

जूनमध्ये पहिल्यांदा काट्यावर उभी राहिले तेव्हा 78.4 किलो. परवाच्या बुधवारी 73.1. उंची 151 सेंटीमीटर. "नऊ महिन्यांत एवढंच?" असं माझ्या जावेने विचारलं. हो, एवढंच. तीन महिन्यांत वीस किलोवाल्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. (मोबाईलवर बोलून टाइप केलंय, शुद्धलेखन मुलीने तपासलंय.)

मी पुण्यात पर्वतीच्या उतारावर जनता वसाहतीत राहते, सहकारनगरात पाच घरी पोळ्या-भाजीची कामं करते. आमच्या भागातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात वजनासाठी गट चालतो. एक बुधवार आड, दुपारी अडीचला, दहा-बारा बायका. आधी सिस्टर वजन, बीपी, कंबर बघतात. मग खुर्च्या गोल मांडायच्या, त्यातल्याच एकीवर डॉक्टर मॅडम बसतात. एकेकीचा केसपेपर उघडून तिच्याशी बोलतात, गोळ्या कमी-जास्त करतात, बाकीच्या ऐकतात. अंगाला हात लावून तपासायचं किंवा एकटीने बोलायचं असेल ते शेवटी पडद्यामागे. दीड तास, 50 रुपये. साध्या ओपीडीत दोन तास रांग लावून मला तीन मिनिटं मिळायची, त्यात "वजन कमी करा, चालत जा" एवढंच. आता मी काय बसून असते का? सकाळी सहाला लोक बूट घालून तळजाईकडे फिरायला निघतात तेव्हा मी डोंगर उतरून कामाला लागलेली असते.

ही पद्धत इथली नाही. मुलीने शोधून सांगितलं की कॅलिफोर्नियात एडवर्ड नॉफसिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये असे गट सुरू केले, पेशंट वाढले आणि डॉक्टरांचा वेळ पुरेना म्हणून. आपल्याकडे पुदुच्चेरीच्या अरविंद नेत्र रुग्णालयात काचबिंदूच्या 1,000 पेशंटांवर हाच प्रयोग झालाय. मला सुरुवातीला वाटलं होतं की गरिबांना एकेकटं कशाला तपासा, ढकला सगळ्यांना एका खोलीत. तसं नाही हे दुसऱ्याच बुधवारी कळलं.

मॅडमनी विचारलं, दिवसाला चहा किती? मी म्हटलं, दोन. समोर आमच्याच गल्लीतल्या मावशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, आणि कामाच्या घरी मिळतो तो कोण पितं?" सगळ्या हसल्या. मोजले तर सहा निघाले. मॅडमनी टेबलावर पेपर पसरला आणि माझ्याच हाताने त्यावर साखर टाकायला लावली, कपाला दोन चमचे. बारा चमचे झाले. सिस्टरनी तो ढीग काट्यावर ठेवला, 54 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाची वरून घातलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवा. मी पेढा-बर्फीला हात लावत नाही म्हणून इतकी वर्षं स्वतःला गोड न खाणारी समजत होते! एकट्या डॉक्टरांपुढे मी "दोन" सांगून सुटले असते, मावशींपुढे कशी सुटणार.

खरी अडचण पुढेच होती. कामाच्या घरच्या वहिनी मायेने चहा देतात, त्यांना "साखर नको" म्हणायचं कसं? लगेच "शुगर झाली का गं?" आणि मनात, आता ही खाडे करणार. यावर गटात अर्धा तास गेला. चौघी माझ्यासारख्याच कामवाल्या. एकीने सांगितलं, "आज चहा नको, ताक असलं तर द्या" असं म्हणायचं. तीन घरी चाललं. एका घरी अजून विसरून साखर घालतात, तो मी पिते.

आहाराच्या ताईंनी पहिल्यांदा छापील कागद दिला होता. ओट्स, पनीर, ग्रीन टी, संध्याकाळी पाच बदाम. मावशींनी विचारलं, "पाच बदाम घरातल्या सगळ्यांना मिळून का?" ताई चांगल्या, त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि रेशनवर काय येतं ते आधी विचारलं. मग मटकी, शेपू, मेथी, ताक, झेपेल तेव्हा ज्वारीची भाकरी, आणि ताटात आधी भाजी वाढायची, पोळी नंतर. तेलाचं गणित मात्र मला फार आवडलं. आम्ही चौघं, पाच लिटरचा डबा पंचवीस दिवसांत संपायचा. भागून बघा, माणशी रोज 50 मिली. आता मी फोडणीला डबा न वाकवता चमचा घेते, डबा चाळीस दिवस जातो. वजनापेक्षा आमच्या ह्यांना हेच जास्त पटलं.

गटात एक बारीक बाई आहे. तिला बघून मी सिस्टरना विचारलंच, ही इथे काय करते? तिचा बीएमआय (म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) 24 आणि साखर माझ्यापेक्षा जास्त. मॅडम म्हणाल्या, आपल्या लोकांत 23 पासूनच जास्त वजन धरतात, 25 च्या पुढे लठ्ठपणा, आणि बाईची कंबर 80 सेंटीमीटरच्या आत हवी. मग आपल्या पुण्याच्याच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. त्यांनी 2004 मध्ये एका ब्रिटिश डॉक्टरांबरोबर दोघांचा फोटो छापला होता, बीएमआय दोघांचाही 22.3. पण ब्रिटिश डॉक्टरांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. म्हणजे आपला माणूस दिसायला बारीक, आतून नाही. त्या दिवशी माझी सडपातळ सासू आणि तिची तीस वर्षांची शुगर दोन्ही समजलं.

वजन उतरवायच्या इंजेक्शनचा विषय मीच काढला, कारण माझ्या एका घरी वहिनी मौंजारो नावाचं इंजेक्शन घेतात आणि झपाट्याने उतरल्यात. 2025 च्या मार्चमध्ये ते भारतात आलं तेव्हा सगळ्यात लहान डोसची कुपी 3,500 रुपयांना होती, आठवड्याला एक. महिन्याला 14,000, माझी कमाई 16,000. मॅडम हसल्या नाहीत. औषध चांगलं आहे, पण बंद केलं की बरंचसं वजन परत येतं, असं सरळ सांगितलं.

आता तक्रारी. पहिले तीन बुधवार सिस्टर वजन मोठ्याने ओरडून लिहून घ्यायच्या. "अठ्ठ्याहत्तर!" संध्याकाळी नळावर सगळ्यांना माहीत. भांडल्यावर चिठ्ठी सुरू झाली. वेळ दुपारची, त्यामुळे माझं एक काम बुधवारी उशिरा होतं, आणि पुरुष तर फिरकतच नाहीत. संध्याकाळचा गट काढा म्हणून दोनदा सांगून झालं. मधे दीड महिना मॅडम रजेवर होत्या. बदली डॉक्टरांनी प्रोजेक्टरचा पडदा लावून फक्त भाषण दिलं, तेव्हा आम्ही चारच जणी उरलो होतो. आणि काही गोष्टी त्या गोलात निघत नाहीतच. एकीची नणंद तिच्याच गटात होती. ती तीन बुधवार "सगळं ठीक" म्हणाली आणि चौथ्यापासून आलीच नाही. तिचं काय ठीक नव्हतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण तिथे बोलणार कोण.

वजन सरळ उतरलं नाही. पितृपंधरवड्यात चार घरची खीर-वडे डब्यात भरून आले, दिवाळीत फराळ. त्या दोन महिन्यांत 1.2 किलो वर. मॅडमनी जूनच्या आकड्यावर बोट ठेवून म्हटलं, याच्या खालीच आहात अजून. कंबर 104 वरून 97 झालीय, तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 6.3 वरून 5.8. वसाहतीची चढण आता मधे न थांबता चढते, हातात भाजीची पिशवी असली तर मात्र एकदा थांबते.

पाचपैकी चार देईन. नाव घालायला जाताना जुने रिपोर्ट न्या, सैल बाह्यांचा ब्लाउज घाला, बीपीचा पट्टा नीट बसतो. आणि नणंद आधीच त्या गटात आहे का ते विचारून घ्या.