रिव्ह्यूचं आमंत्रण आलंय: नाव झाकलेलं बरं की उघड?

रत्नागिरी, दापोली, वेंगुर्ले, मालवण या पट्ट्यातल्या कॉलेजांत किंवा संशोधन केंद्रांत काम करणाऱ्या कुणाचे दोन-तीन पेपर छापून आले, की मेलमध्ये रिव्ह्यूची, म्हणजे दुसऱ्याचा पेपर छापण्याआधी तपासून मत देण्याची, आमंत्रणं पडू लागतात. पैसे मिळत नाहीत, वेळ जातो, तरी करावं. आपलेही पेपर कुणीतरी फुकटच वाचलेले असतात. होकार कुठल्या पद्धतीच्या जर्नलला द्यायचा, हा खरा प्रश्न. सिंगल ब्लाइंडमध्ये लेखक तुम्हाला दिसतो, तुम्ही त्याला दिसत नाही. डबल ब्लाइंडमध्ये दोघंही झाकलेले. ओपनमध्ये रिव्ह्यू पेपरसोबत प्रसिद्ध होतो, कधी तुमच्या नावासह, कधी नावाविना.

पुस्तकी उत्तर डबल ब्लाइंडच्या बाजूचं आहे. लेखक मोठ्या संस्थेतला की तालुक्याच्या कॉलेजातला, बाई की पुरुष, याचा मतावर परिणाम होऊ नये म्हणून. विषय मोठा असेल तर ते बऱ्यापैकी जमतंही. पण आपल्याकडचे विषय अरुंद. हापूसमधल्या साक्यावरचा, म्हणजे फळाचा गर आतून खराब होण्याच्या दोषावरचा, पेपर घ्या. नाव पुसलंय, पण पद्धतीच्या भागात देवगड तालुक्यातली बाग, कलमांचं वय, मोहोराच्या तारखा, आणि संदर्भांत एकाच माणसाचे सात पेपर. दुसऱ्या पानावर जायच्या आत कळतं, हे कोणाचं काम ते. सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, पावसाळी वनस्पती, खाडीकाठच्या खाजणातले खेकडे, कातळशिल्पं, सगळीकडे हीच गत.

मग झाकण्यातून मिळतं काय? माझ्या मते उलट थोडं नुकसानच होतं. कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स, म्हणजे ‘कोप’, ही 1997 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली संस्था. रिव्ह्यूअरसाठीचे तिचे संकेत बरीच जर्नल पाळतात. लेखक तुमच्याच संस्थेतला असेल, किंवा साधारण गेल्या तीन वर्षांत तुमचा मार्गदर्शक, विद्यार्थी किंवा जवळचा सहसंशोधक असेल, तर रिव्ह्यू घेऊ नये, असं त्यांत आहे. सिंगल ब्लाइंडमध्ये हे आमंत्रण वाचतानाच कळतं. डबल ब्लाइंडमध्ये पूर्ण पेपर वाचून झाल्यावर संशय येतो आणि तेव्हा गप्प बसावंसं वाटतं. बसू नये. ‘लेखक कोण असावा याचा मला अंदाज आलाय, आमचा एकत्र प्रकल्प होता,’ एवढं संपादकाला कळवलं की पुढचं तो ठरवतो.

शिवाय हितसंबंध फक्त लेखकाशी असतात असं नाही. फुलकिड्यांवरच्या कीटकनाशकाचा पेपर तुमच्याकडे आलाय आणि घरची चारशे कलमं आहेत, भाऊ औषधांचं दुकान चालवतो. हे सांगायला हवं. राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावरची कातळशिल्पं हे याहून नाजूक उदाहरण. कोकणातली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, त्यात बारसूही आहे. 2023 मध्ये त्याच सड्यावर रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणावरून आंदोलन पेटलं. तुम्ही प्रकल्पाच्या बाजूच्या किंवा विरोधातल्या पत्रकावर सही केली असेल, तर त्या सड्यावरचा पेपर तपासण्याआधी संपादकाला ती सांगा. याने तुम्ही बाद होता असं नाही. लपवलं तर मात्र होता. यात नाव झाकल्या-उघडल्याने काडीचा फरक पडत नाही.

आता ओपन. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ 1999 पासून रिव्ह्यूअरचं नाव लेखकाला कळवतं. ‘नेचर’ने जून 2025 पासून येणाऱ्या नव्या संशोधन पेपरसाठी, पेपर छापला गेला तर सोबत रिव्ह्यूही छापायचं ठरवलं, नाव द्यायचं की नाही हे रिव्ह्यूअरवर. ‘ई-लाइफ’ने 2023 पासून रिव्ह्यूनंतर स्वीकारलं-नाकारलं हा शेराच काढून टाकला. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण छापलं जाणार म्हटल्यावर माणूस नीट लिहितो. ‘नमुने अपुरे, इंग्रजी कच्चं’ असं लिहून हात झटकता येत नाहीत. ‘तक्ता 3 मध्ये झाडं 12 आहेत, आलेखात 10; दोन का वगळली?’ असं विचारावं लागतं. लेखकाला उपयोग होतो तो याचा.

पण नोकरी कायम व्हायची आहे, आणि पेपर ज्यांचा ते सर उद्या तुमच्या निवड समितीवर बसू शकतात, अशी स्थिती असेल तर सहीचा रिव्ह्यू घेऊ नका. घाबरून गुळगुळीत लिहिलेला रिव्ह्यू संपादकाच्या काही कामाचा नाही. छापल्या जाणाऱ्या रिव्ह्यूत आणखी एक सांभाळायचं: दुर्मिळ वनस्पतीची किंवा उघड्यावरच्या शिल्पाची नेमकी जागा लिहू नये. ती सूचना संपादकापुरत्या रकान्यात.

सिंगल ब्लाइंडची खोड वेगळी. आडोसा असला की जीभ सैल सुटते, आणि ‘हे चार पेपर जरूर पाहावेत’ म्हणत स्वतःचेच चार पेपर पुढे सरकवण्याचा मोह होतो. लेखक ते ओळखतो, फक्त बोलत नाही.

तेव्हा पहिल्यांदाच रिव्ह्यू करणार असाल आणि विषय कोकणापुरता असेल, तर मी सिंगल ब्लाइंड घ्या म्हणेन. लेखक कोण ते आधीच कळतं आणि तुम्हाला वेळेत नकार देता येतो. विषय व्यापक असेल, आकडेमोडीचा किंवा प्रयोगशाळेतला, तर डबल ब्लाइंड. नोकरी पक्की झाली, की ओपन.

गुप्ततेचा नियम तिन्हीकडे तोच. ओपनमध्येसुद्धा पेपर छापून येईपर्यंत तो विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही, एआयच्या चॅटमध्ये चिकटवायचा नाही. अनेक प्रकाशकांनी याला स्पष्ट मनाई केली आहे. पीएचडीच्या विद्यार्थ्याची मदत घ्यायची तर आधी संपादकाला विचारायचं आणि त्याचं नाव कळवायचं. त्याच्याकडून लिहून घेऊन आपल्या नावाने पाठवणारे कमी नाहीत. आकडे कुठून उचललेले वाटले, तर लेखकाला फोन न लावता संपादकाला लिहायचं. तपास त्याने करायचा.

यूजीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, बंद केल्यापासून जर्नल पारखायचं काम आपल्यावर आलंय. दोन दिवसांत रिव्ह्यू द्या, सोबत संपादक मंडळात जागा देतो, तुमच्या पेपरच्या फीमध्ये सवलत देतो, असा मेल आला तर उत्तरही देऊ नका. चांगल्या जर्नलला मात्र नकार द्यायचा तर त्याच दिवशी द्या. एप्रिल-मेमध्ये तर आधी विचार करा: उत्तरपत्रिकांचे गठ्ठे टेबलावर, आंब्याच्या पेट्या पडवीत, आणि होकार दिलेला पेपर जूनपर्यंत तसाच पडून. तो लेखक कुठल्या तरी मुलाखतीआधी उत्तराची वाट बघत असतो.