सिटाडेल कॉन्ट्रास्ट रंग: एका हातात काय होतं आणि काय होत नाही

वॉरहॅमर या टेबलावरच्या युद्धखेळाचे छोटे पुतळे बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपने 2019 मध्ये आपल्या सिटाडेल नावाखाली, हे पुतळे रंगवायचे कॉन्ट्रास्ट रंग बाजारात आणले तेव्हा दावा एकच होता, एक जाड हात द्या आणि विषय संपवा. सांगाड्यांच्या पलटणीवर हा दावा बऱ्यापैकी खरा ठरतो. गुळगुळीत चिलखत घातलेल्या सरदारावर तो पार उघडा पडतो.

साधा ॲक्रिलिक रंग खालचा पृष्ठभाग झाकतो. कॉन्ट्रास्ट झाकत नाही, तो पारदर्शक आहे. उंचवट्यांवरून खाली ओघळतो, खाचांमध्ये साचतो आणि तिथे गडद दिसतो. कडा आपोआप फिकट राहतात. त्यामुळे बेस (मूळ रंग), वॉश (खाचांमधली सावली) आणि थोडंफार हायलाइट (कडांचा उजळपणा) एकाच हातात उरकतं. केस, फर, हाडं, चुण्या पडलेले कपडे, चामड्याचे पट्टे, लाकूड, खवले अशा ठिकाणी या रंगाला तोड नाही. सपाट ढाल, रुंद झगा किंवा गाडीची बाजू असेल तर रंगाला साचायला जागाच मिळत नाही आणि वाळल्यावर नकाशासारखे डाग उमटतात.

निम्मं यश प्रायमरवर, म्हणजे रंगाखालच्या अस्तरावर आहे. पांढरट, किंचित उबदार छटेचा रेथबोन आणि थंड राखाडी ग्रे सीअर हे दोन स्प्रे खास कॉन्ट्रास्टसाठीच काढलेत. हाडं, कातडी, लाल, पिवळा यांच्याखाली रेथबोन. निळा, जांभळा, काळा यांच्याखाली ग्रे सीअर. दुसऱ्या कंपनीचा पांढरा प्रायमरही चालतो, पण तो खरखरीत असेल तर रंग नीट वाहत नाही, जिथे पडला तिथेच चिकटतो. स्प्रे साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरून, थांबून थांबून मारायचा. हवा दमट असेल किंवा डबा फार लांब धरला तर पृष्ठभाग भुरभुरीत होतो आणि वरचा कॉन्ट्रास्ट त्यातला प्रत्येक कण उठवून दाखवतो. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे पुतळ्यावर उरलेल्या रेषांचंही तेच. साध्या रंगाखाली खपून गेलेली रेष इथे गडद ओरखड्यासारखी दिसते, म्हणून प्रायमरआधी चाकूच्या पाठीने ती खरवडून काढा.

आता प्रत्यक्ष हात. बाटली भरपूर हलवा, कारण रंगद्रव्य तळाशी बसतं आणि वरचं नुसतं माध्यम लागलं तर चकचकीत, फिका थर येतो. 1 किंवा 2 नंबरचा टोकदार ब्रश अर्धा भरून घ्या आणि एका वेळी एकच भाग, वरून खाली, सलग पूर्ण करा. खाली थेंब साचला तर ब्रश धुऊन फडक्याला टिपा आणि ओलसर टोकाने तो शोषून घ्या. हे सगळं, रंग ओला असेपर्यंतच. अर्धवट सुकलेल्या भागावर पुन्हा ब्रश फिरवला की वरची साय फाटते आणि कड असलेला डाग पडतो. तो पुसून जात नाही. तसं झालंच तर पूर्ण वाळू द्या, कुपीतल्या रेथबोनचे दोन पातळ हात देऊन तो भाग झाका आणि परत सुरुवात करा. शेजारच्या भागावर रंग सांडला तरी हाच उपाय. म्हणून रेथबोनची कुपी घेताना काटकसर नको. वाळवण्याची घाई करून हेअर ड्रायर जवळून मारला तर साचलेला रंग ढकलला जातो.

पातळ करायला पाणी नव्हे, कॉन्ट्रास्ट मीडियम, म्हणजे याच रंगांचं बिनरंगी माध्यम. पाण्याने रंग फुटतो आणि वाळताना कडेला वलय सोडतो.

सगळे रंग सारखे नाहीत, आणि रंगपट्टी बघून हे कळत नाही. स्केलिटन होर्ड कुपीतून थेट हाडांवर द्यावा, वरून फिकट ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश फक्त उंचवट्यांवर घासणं) मारला की सांगाडा तयार. स्नेकबाइट लेदरही तितकाच भरवशाचा. इयान्डेन यलो एकट्यासाठी सुद्धा ही मालिका घ्यावी, कारण साध्या पिवळ्याला एकसारखं झाकायला चार-पाच हात लागतात. गिलिमन फ्लेश मात्र कातडीवर फार लालसर बसतो, त्यात निम्मं मीडियम घाला. ब्लॅक टेम्प्लर इतका दाट आहे की कडासुद्धा काळ्या होतात. एकास एक पातळ करा किंवा कडांवर राखाडी रेघ ओढा. अपॉथेकरी व्हाइट तर नावापुरता पांढरा, सावलीचा राखाडी रंग म्हणून वापरला तरच कामाचा. ब्लड एंजल्स रेडची गंमत रेथबोनपेक्षा लेडबेल्चरसारख्या चंदेरी रंगावर जास्त दिसते, लाल धातूचं चिलखत एका हातात होतं.

पहिल्याच खेपेला पूर्ण संच घेऊ नये. हाड, चामडं, कातडी, एक काळा, आपल्या सैन्याचा मुख्य रंग आणि मीडियमची मोठी कुपी एवढं पुरे. चिलखत आणि ढाली साध्या रंगातच ठेवा; तेवढाच वेळ तिथे सत्कारणी लागतो.

तक्रारीला जागा आहे ती 18 मिलीच्या झाकणवाल्या कुपीबद्दल. झाकणाच्या कडेला रंग सुकला की ते घट्ट बसत नाही, आत हवा शिरते आणि रंग दाट होत जातो. शिवाय हा रंग पातळ, त्यामुळे उघडी कुपी कलंडली तर टेबलभर. कड दर वेळी पुसावी, नाहीतर ड्रॉपर बाटलीत ओतून ठेवावा. आर्मी पेंटरचे स्पीडपेंट आणि व्हॅलेहोचे एक्सप्रेस कलर हे दुसऱ्या कंपन्यांचे याच धर्तीचे रंग मुळातच ड्रॉपरमध्ये मिळतात. स्पीडपेंटची पहिली आवृत्ती वाळल्यावरही वरच्या ओल्या रंगाने पुन्हा विरघळायची, म्हणून जुना साठा स्वस्तात मिळाला तरी 2.0 लिहिलेलंच घ्या.

व्हार्निश टाळू नका. कॉन्ट्रास्टचा थर टोकांवर फार पातळ असतो, म्हणून भाल्याचं टोक, नाक, खांदे अशा ठिकाणी बोटं लागून लागून खालचा प्रायमर उघडा पडतो. रंगवतानाही पुतळा मुठीवर किंवा बुचावर चिकटवून धरा. रोज खेळात हाताळल्या जाणाऱ्या पलटणीवर आधी ग्लॉस आणि तो पूर्ण वाळल्यावर मॅट असे दोन थर द्या. नुसत्या मॅटपेक्षा ते जास्त टिकतात.