उद्यमबागेतला लेथवाला: पाचपैकी साडेतीन

बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटावरून उद्यमबागेकडे गेलं की लेथची दुकानंच दुकानं. त्यातल्या एकाकडे वर्षभरात माझ्या चार खेपा झाल्या. नाव लिहीत नाही. आधी त्यानंच घोळ घातला आणि मग त्यानंच निस्तरला.

मुलगा गोव्यात ३४ फुटी शिडाच्या बोटीवर राहतो. "घरभाडं नाही, लाईटबिल नाही, आई!" असं सांगून गेला होता. आता हिशेब बघा. पावसाळ्याआधी बोट क्रेननं वर काढायची, यार्डाचं भाडं भरायचं. बुडाला कालवं धरू नयेत म्हणून वेगळा महागडा रंग. बोट ढकलणाऱ्या पंख्याचं पितळ खाऱ्या पाण्यानं खाऊ नये म्हणून जस्ताचे तुकडे लावतात, ते झिजले की नवे. आणि बोट जमिनीवर असताना हा झोपणार कुठं? भाड्याच्या खोलीत! म्हणजे दोन भाडी.

गेल्या वर्षी डोलकाठीच्या तारा जिथं अडकवतात त्या सहा पट्ट्या बदलायच्या निघाल्या. परदेशातून मागवायच्या तर पट्ट्यांपेक्षा कुरिअर आणि कस्टमच जास्त, म्हणून मुलानं मला लेथवाल्याकडे पाठवलं. लेथवाल्यानं मॅग्नेट लावून दाखवला. "चिकटत न्हाई बघा अक्का, ओरिजिनल स्टेनलेस." ४,२०० रुपये दिले, चोर्ला घाटाच्या बसनं पट्ट्या पोचवल्या. तीन महिन्यांत त्यांच्यावर चहाच्या रंगाचे ओघळ.

स्टेनलेसला डाग पडत नाही हे आपण भांड्यांवरून शिकलेलो. चांगल्या भांड्यांचं स्टील बहुतेक ३०४ ग्रेडचं. समुद्राच्या मिठापुढं ते टिकत नाही, तिथं मॉलिब्डेनम नावाचा धातू घातलेलं ३१६ ग्रेडचं लागतं. मॅग्नेटला दोन्ही सारखीच! खरा फरक दाखवतो तो टेस्टच्या रसायनाचा थेंब, मॉलिब्डेनम असलं की रंग बदलतो, आणि ती बाटली ह्याच्या ड्रॉवरमध्येच होती. मी बोलले, चांगलीच बोलले. त्यानं कारण काढलं नाही. ३१६ची पट्टी आणली, माझ्यासमोर थेंब टाकून रंग बदललेला दाखवला, मजुरी घेतली नाही, फक्त मालाचे ५,६०० घेतले. भोकं अशी नेमकी की मुलाला कानस लावावी लागली नाही. कडा मात्र धारदार ठेवल्या होत्या, माझं बोट कापलं. त्याचा अर्धा स्टार कमी. एक गेला मॅग्नेटपायी.

हिशेबात तेवढं सगळं धरा: ९,८०० रुपये, माझं बसभाडं आणि दर खेपेला नेलेला अर्धा किलो कुंदा. परवा मुलाचा फोन आला, पाण्याच्या पंपाची शाफ्ट झिजलीय म्हणे. मापं पाठवतोय.