पॅक्स संकेतांक: काही महिन्यांच्या वापरानंतर

अतिसंवाहकतेवरचे (काही पदार्थांत विजेला होणारा रोध नाहीसा होण्यावरचे) जुने-नवे शोधनिबंध झोटेरो या संदर्भ-व्यवस्थापन सॉफ्टवेअरमध्ये लावताना मी काही महिन्यांपासून पॅक्स संकेतांकांचे, म्हणजे भौतिकी आणि खगोलशास्त्रातल्या निबंधांना विषयवार दिलेल्या क्रमांकांचे, टॅग देतोय. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सच्या या वर्गीकरणाची शेवटची आवृत्ती २०१० ची. ‘फिजिकल रिव्ह्यू’ या भौतिकीच्या नियतकालिकांनी २०१६ मध्ये त्याऐवजी ‘फिजिक्स सब्जेक्ट हेडिंग्ज’ ही विषय-शीर्षकांची नवी पद्धत आणली. तरीही ज्याला २०१५ च्या आधीचं साहित्य धुंडाळायचंय त्याने पॅक्स शिकावंच, असं माझं ठाम मत झालंय.

रचना समजायला एक संध्याकाळ पुरते. ७० च्या घरात कंडेन्स्ड मॅटरची (घन आणि द्रव पदार्थांच्या भौतिकीची) इलेक्ट्रॉनिक आणि चुंबकीय बाजू, ७४ म्हणजे अतिसंवाहकता, ७४.७२ म्हणजे क्युप्रेट, अर्थात तांब्याच्या ऑक्साइडचे अतिसंवाहक. खरा फायदा इथेच दिसतो. बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी १९८६ मध्ये क्युप्रेटमधली अतिसंवाहकता शोधल्यानंतर याच पदार्थांना कुणी ‘हाय-टीसी’ (उच्च तापमानाचे अतिसंवाहक) म्हणतं, कुणी ‘कॉपर ऑक्साइड’, कुणी नुसतं रासायनिक सूत्र लिहितं. शब्दाने शोधलं की दरवेळी काहीतरी निसटतं. सारांशाखाली छापलेला ७४.७२ पाहिला की हे सगळे एका ओळीत येतात.

पण आवृत्ती बघितल्याशिवाय संकेतांकावर विसंबू नका. आधी ७४.७२ पुढच्या अक्षरांनी होणारी क्युप्रेटची विभागणी मूलद्रव्यावरून होती: बीके म्हणजे यिट्रियम, एचएस म्हणजे बिस्मथ, डीएन म्हणजे लँथॅनम. २०१० मध्ये ती डोपिंगवर, म्हणजे पदार्थात विद्युतभारवाहक वाढवण्याच्या पद्धतीवर, आली: इके इलेक्ट्रॉनचं, जीएच होलचं (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांचं), शिवाय स्यूडोगॅप या क्युप्रेटमधल्या वेगळ्या अवस्थेला स्वतंत्र केएफ. भौतिकीच्या दृष्टीने बदल योग्यच होता, कारण तोवर लोकांचे प्रश्नच बदलले होते. शोधणाऱ्याला मात्र दोन्ही याद्या जवळ ठेवाव्या लागतात. लोहाधारित अतिसंवाहकांचं तसंच. ते गाजले २००८ मध्ये, त्यांचा ७४.७०.एक्सए आला २०१० ला. मधल्या काळातले निबंध जुन्याच, मोघम घरांत बसलेत.

संकेतांक लेखकच निवडत, त्यामुळे कुणी काटेकोर, कुणी सढळ. एका निबंधावर अनेक संकेतांक असले, तर पहिल्या क्रमांकाचा मी जास्त महत्त्वाचा धरतो.

सब्जेक्ट हेडिंग्ज नव्या निबंधांसाठी नक्कीच सरस आहेत: पदार्थ, तंत्र आणि संशोधनक्षेत्र वेगवेगळे निवडता येतात. पण १९९० च्या दशकातल्या छापील निबंधावर ती नसतात. आपल्या ‘प्रमाण’ या भारतीय भौतिकी नियतकालिकाच्या जुन्या अंकांतही पॅक्स क्रमांकच छापलेले सापडतील.

वापरणार असाल तर टॅगमध्ये संकेतांकाशेजारी निबंधाचं वर्षही लिहा. आवृत्तीचा घोळ लगेच ओळखू येतो.