अर्धा तास कशाला द्यायचा? सूर्यनमस्कार, आनापान, भ्रामरी की सरळ झोप

"सर, वाचतो खूप, पण टिकत नाही." अभ्यासिका चालवणाऱ्या माणसाला हे वाक्य चहाइतकंच रोजचं. त्यामागोमाग प्रश्न येतो: योगाचा क्लास लावू, विपश्यनेला जाऊन येऊ, की यूट्यूबवर सांगतात तशी सकाळी भ्रामरी सुरू करू? घरचे एक सांगतात, रूममेट दुसरंच. विचारणाऱ्याच्या हातात दिवसाचा जेमतेम अर्धा तास असतो. तो कशाला द्यायचा, एवढ्यापुरताच हा आढावा.

आधी एक गंमत. स्मरणशक्तीसाठी योग करणाऱ्याने पतंजलीला विचारलं असतं तर तो चक्रावला असता. त्याने चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या, त्यातली पाचवी म्हणजे स्मृती; आणि योग म्हणजे या वृत्तींचा निरोध. मूळ हिशेबात आठवण ही वाढवायची नव्हे, शांत करायची गोष्ट! राज्यघटनेची कलमं पाठ व्हावीत हा हेतू त्यात कुठेच नव्हता. तरी आपल्याला फायदा होतो, पण वळशाने: लक्ष, ताण आणि झोप या तीन वाटांनी. आपलं घोडं यातल्या कुठल्या वाटेवर अडलंय ते आधी ओळखायचं.

सूर्यनमस्कार आणि आसनं

बारा नमस्कारांना सहा-सात मिनिटं लागतात. खर्च शून्य, आणि कॉट बेसिसच्या खोलीत दोन खाटांमधली जागाही पुरते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकात सूर्यनमस्कारांचा ध्यास घेऊन ते शाळांपर्यंत नेले. आपल्यापैकी बहुतेकांनी ते शाळेच्या मैदानावर घातलेले असतात, निम्म्यांनी चुकीचे. पहिले चार दिवस जाणत्या माणसाकडून कंबर आणि श्वास तपासून घ्यावा.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात झालेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. ३० विद्यार्थिनींनी एका दिवशी २० मिनिटं हठयोग केला, दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ ट्रेडमिलवर घालवला. योगानंतर लगेच घेतलेल्या चाचण्यांत त्यांची कार्यस्मृती, म्हणजे आकडे-मुद्दे क्षणभर धरून ठेवणारी डोक्यातली पाटी, अधिक चांगली चालली. ट्रेडमिलनंतर तसा फरक दिसला नाही. प्रयोग छोटा होता आणि मोजमाप तिथल्या तिथे झालं. तेव्हा सकाळी सहाला घातलेले नमस्कार रात्रीच्या अर्थशास्त्राला कामी येतील असं यातून निघत नाही. जड विषयाच्या अगदी आधी आसनं करावीत, एवढंच मी यातून घेतो. दुपारी जेवून पुस्तकावर डोकं टेकणाऱ्याला माझं पहिलं उत्तर हेच.

विचारणारा विद्यार्थी नसून साठीतले आई-वडील असतील तर गोष्ट वेगळी. अमेरिकेतच १२० ज्येष्ठांवर वर्षभर झालेल्या अभ्यासात आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा भाग, सुमारे २ टक्क्यांनी वाढला. त्यांना बागेत पाठवा.

आनापान आणि दहा दिवसांचं शिबिर

आनापानात श्वास बदलायचा नसतो. येतो-जातो तसा नुसता पाहायचा. मन भरकटलं की रागावायचं नाही, परत आणायचं. राज्यातल्या अनेक शाळांत 'मित्र उपक्रम' म्हणून मुलांना हे दहा मिनिटं करायला लावतात. वाचताना पान उलटलं तरी आत काही गेलेलं नाही, असं ज्याचं होतं त्याच्यासाठी यापेक्षा नेमकं साधन मला ठाऊक नाही. कारण परत आणण्याचा जो सराव इथे होतो, तोच पुस्तकासमोर लागतो.

पुरावा दोन्ही बाजूंचा आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे ४८ विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दोन आठवडे सजगतेचा (माइंडफुलनेस, म्हणजे आनापानासारखंच लक्ष परत आणण्याचा) सराव केलेल्यांचे उताऱ्यावरच्या प्रश्नांतले गुण वाढले आणि मन भरकटणं कमी झालं. उलट ब्रिटनमध्ये ८ हजारांवर शाळकरी मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, तेव्हा शाळेतल्या सजगतेच्या तासांनी मुलांच्या मानसिक आरोग्याला नेहमीच्या शिकवणीपेक्षा जास्त काही दिलं नाही, असं दिसलं. दोन्हीकडे मोजलं वेगळं, मुलं वेगळ्या वयाची. पण माझा अनुभव असा की जो आपणहून बसतो त्याला फरक पडतो. वर्गच्या वर्ग बसवला की अर्धी मुलं एक डोळा उघडून घड्याळ बघतात.

इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या केंद्रातलं विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर ही पुढची पायरी. फी नाही, पहाटे चारला उठणं, दिवसाचे सुमारे दहा तास बसणं, मौन. मोबाइल नाही आणि वाचन-लेखनही नाही. शेवटची अट परीक्षार्थीने दोनदा वाचावी. माझ्याकडचा एक मुलगा पूर्वपरीक्षेच्या तोंडावर अशा शिबिराला गेला. परतला तो प्रसन्न होऊन, पण दहा दिवसांची उजळणी बुडाल्याचा घोर पुढे महिनाभर वाहत बसला. जायचंच तर पेपर झाल्यावर जा. मानसिक आजाराचे उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा आणि अर्जातही स्पष्ट लिहा.

भ्रामरी, अनुलोम-विलोम

या प्राणायामांचा उपयोग पाठ करताना कमी, आठवताना जास्त. पेपर हातात पडल्यावर कोरं वाटतं आणि परीक्षा संपवून जिना उतरताना सगळं आठवतं, हा ताणाचा खेळ आहे. ताणाची संप्रेरकं वाढली की साठवलेलं बाहेर येणं अवघड होतं. सावकाश आणि लांब उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते. भ्रामरीत गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो, म्हणून पाच आवर्तनं पुरतात. परीक्षेच्या दिवशीच पहिल्यांदा करू नका. महिनाभर अंगवळणी पडू द्या. आणि अभ्यासिकेत तर मुळीच नको, बाकीचे भुंग्याला शोधत बसतात. गच्ची आहे त्यासाठी.

कपालभातीने बुद्धी वाढते म्हणून भराभर पोट मारणाऱ्यांना मी थांबवतो. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर ती टाळायचीच असते.

योगनिद्रा आणि झोप

मुंगेरच्या स्वामी सत्यानंदांनी घडवलेली योगनिद्रा म्हणजे आडवं पडून, सूचनांमागे लक्ष शरीरभर फिरवणं. वीस-तीस मिनिटं जातात. दुपारच्या थकव्यावर उत्तम, पण रात्रीच्या झोपेची भरपाई म्हणून करत असाल तर फसाल.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं आणि योगक्रिया प्रयोगशाळेत मोजायला घेतल्या. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरगट पाठ करायला लावून कधी झोपू दिलं, कधी जागं ठेवलं. तेवढ्याच तासांनी विचारल्यावर, झोपून उठल्यावर त्यांना कितीतरी जास्त आठवलं. शंभर वर्षांत ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून आली आहे. रात्री एकपर्यंत वाचून पहाटे साडेचारला योगाला उठणारा एका हाताने कमावतो आणि दुसऱ्याने उधळतो.

या सगळ्यांना पुरून उरणारी सवय मात्र योगाच्या क्लासात मिळत नाही: पुस्तक मिटून आठवणं. २००६ साली रॉडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने विचारलं तर न बघता आठवून लिहिणारे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शांत मनाने नुसतंच वाचलेलंही विसरतंच.

म्हणून माझा अर्धा तास असा: सकाळच्या बैठकीआधी बारा नमस्कार, मग दहा मिनिटं आनापान, आणि उरलेला वेळ कालच्या धड्यातलं कोऱ्या कागदावर उतरवायला. भ्रामरी फक्त पेपरची भीती असणाऱ्याने जोडावी. किती मुद्दे न बघता आठवले तो आकडा रोज कॅलेंडरवर लिहा. पंधरा दिवसांत तो हलला नाही तर पद्धत बदला, पण त्याआधी झोपेचे तास मोजा.